तेरा साखळ्यांचा धुरा

लातूरच्या एका शाळेत गुरुपादप्पा मास्तरांनी जन्मभर गणित शिकवलं, पण त्यांचं खरं नाव किती पोरांना ठाऊक होतं देव जाणे. पाठीमागं सगळी शाळा त्यांना 'बाबेल सर' म्हणायची. मास्तरांना ते कळत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

आता असं नाव पडायला माणूस करतो तरी काय? तर आठवीचा वर्ग हाती आला की पहिल्याच दिवशी मास्तर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "का रे, तासाची साठच मिनिटं का? शंभर का न्हाईत?"

पोरं एकमेकांकडं बघायची. मग कोणी तरी धीर करून म्हणायचा, "कंपनीनं तसंच बनवलंय, सर."

"कंपनीनं! अरे बाबा, ही कंपनी चार हजार वर्षांखालची हाय," म्हणत मास्तर खुर्चीतून उठायचे आणि मग तास संपला तरी बसायचे नाहीत. इराकात दोन नद्यांच्या मधे बाबेल, म्हणजे बॅबिलोन नावाचं शहर होतं. तिथले लोक ओल्या मातीच्या पाट्यांवर लिहायचे. आपण दहा-दहाचे गठ्ठे बांधतो, ते साठ-साठचे बांधायचे. का बांधायचे? नक्की कोणालाच माहीत नाही. पण मास्तर हात वर करायचे, अंगठ्यानं त्याच हाताच्या चार बोटांची पेरं मोजायचे, ती भरायची बारा. बारा झाली की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटायचं. पाची बोटं मिटली की साठ. "असं म्हणतात हां," मास्तर बजावायचे, "बघायला मी गेलो नव्हतो." आणि लगेच पुढं, "तुमच्या आज्याच्या पंचांगात बघा. साठ पळांची घटका, साठ घटकांचा दिवस. तिथं बी साठच!"

मग ज्वारीचं धाट तिरकं कापून त्याच्या टोकानं मातीत खुणा उमटवायच्या. उभी खूण म्हणजे एक, कोपऱ्यासारखी खूण म्हणजे दहा. पहिल्या वर्षी मास्तरांनी हौसेनं गावाकडून पोतंभर काळी माती आणली होती. पोरांनी सुरेख पाट्या केल्या, उन्हात ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर प्रत्येक पाटीला बोट जाईल एवढ्या भेगा. काळी माती वाळली की आक्रसते आणि फाटते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला हवं होतं का? पण हौसेपुढं अक्कल चालत नाही म्हणतात ते मास्तरांच्या बाबतीत शंभर टक्के खरं होतं. तेव्हापासून ते पांढरी माती आणायचे. आपल्याकडं पेरायची ती काळी आणि घरं बांधायची, माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर घालायची ती पांढरी. पांढरीला भेग पडत नाही.

असा हा माणूस. पगार झाला की पत्नीच्या, शिवकन्याबाईंच्या हातात द्यायचा, पोरांना ओरडायचं पण मारायचं नाही, आणि सुट्टी लागली की एसटीत बसून गावाकडं पळायचं. गाव जिल्ह्याची हद्द ओलांडून पलीकडं, मुखेड तालुक्यात. तिथं धाकटा भाऊ भीमाशंकर वडिलांची सहा एकर जमीन कसायचा. दोघा भावांत कधी तूतू-मैंमैं झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. आणि वर्षातून एक दिवस असा होता, की त्या दिवशी मास्तर शाळेला दांडी मारायचे आणि त्याची लाजही बाळगायचे नाहीत. तो दिवस येळवशीचा.

लातूर-नांदेडच्या ह्या पट्ट्यात येळवस म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. थंडीतली अमावस्या. सगळं गाव रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा झाली की आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, आणि रानातल्या सगळ्या भाज्या, शेंगा, हरभरा एकत्र शिजवून केलेली भज्जी. मास्तर लहानपणापासून त्या एकाच कोपीसमोर जेवत आले होते. आधी वडलांच्या मांडीला मांडी लावून, मग भीमाच्या.

तर निवृत्त होऊन मास्तर आणि शिवकन्याबाई गावातल्या जुन्या घरी राहायला आले. मास्तरांच्या डोक्यात सीताफळीचा बाग घोळत होता. सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, आणि एका सकाळी भीमाशंकर ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला. कप खाली ठेवला. पुन्हा उचलला, त्यात काही नव्हतं.

"आण्णा, एक बोलायचं हुतं. पोरं मोठी झाली. आपण दोघं हावोत तवर वावरात रेघ मारून टाकू. मागून पोरं भांडायला नकोत."

बोलणं अगदी शहाणपणाचं होतं. मास्तर लगेच "हाव, बरोबर हाय" म्हणाले. पण भीमा गेल्यावर गावातल्या वाटण्या त्यांच्या डोळ्यांपुढं आल्या. एकाच आईचे लेक, बांधावरच्या हातभर जमिनीवरून एकमेकांच्या दारचं पाणी प्यायचे बंद झाले होते. आणि रिवाज असा की रान वाटलं की कोपही वेगळी. येळवशीला ज्याचा तो आपापल्या वावरात, ज्याचे त्याचे पांडव.

शिवकन्याबाईंनी विचारलं, "काय वो, तोंड का असं उतरलंय?"

"जमिनीचं काही न्हाई ग," मास्तर म्हणाले, "भीमा तुटू नये माझा. एवढंच."

रान वरून खाली उताराचं. उतारावर धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, आडवाच घालावा लागतो. उभा घातला तर पहिल्या पावसात पाणी बांधाकडनं पळतं आणि माती घेऊन जातं. सरकारी मोजणी पुढं होणारच होती, आधी आपसात जागा ठरवायची म्हणून मास्तरांनी जिलानीभाईला बोलावलं. जिलानीभाई मुखेडच्या बाजारात लसूण-अद्रक विकायचा, मास्तरांचा लहानपणचा सोबती. त्याचे वडील मोजणीदारांसोबत साखळी ओढायला जायचे आणि ती लोखंडी साखळी अजून त्याच्या घरी खुंटीला होती. तेहतीस फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला एक गुंठा.

तिघांनी मिळून रान मोजलं. रस्त्याकडची बाजू, जिथं भीमाचा गोठा होता, ती सतरा साखळ्या भरली. तिच्या समोरची, पांदणीकडची, म्हणजे गाडीवाटेकडची बाजू निमुळती होत गेलेली, ती भरली सात. लांबी वीस. सारं मिळून सहा एकर, म्हणजे दोनशे चाळीस गुंठे.

आकडे ऐकले आणि मास्तर वावरात मटकन खालीच बसले.

"आण्णा! काय झालं? चक्कर आली का?" भीमा धावला.

"सतरा आन सात!" मास्तर हसायला लागले होते. "अरे भीमा, सतरा आन सात! हेच आकडे त्या लोकांच्या पाटीवर हायेत रे!"

भीमानं जिलानीभाईकडं बघितलं. जिलानीभाईनं उन्हाकडं बघितलं.

पण मास्तरांचं डोकं ठिकाणावर होतं. बाबेलच्या शाळांत पोरांना अशी गणितं घालत, की बापाचं निमुळतं रान हाय, भावांनी सारखं वाटून घ्यायचंय, आडवा बांध कुठं घालावा? आणि त्यात सतरा नि सात ही त्यांची लाडकी जोडी. मास्तरांनी काडी घेऊन मातीत करून दाखवलं. सतरा सत्रे दोनशे एकोणनव्वद. सात साते एकोणपन्नास. बेरीज तीनशे अडतीस. निम्मे एकशे एकोणसत्तर, म्हणजे तेरा तेरे. जिथं रानाची रुंदी बरोबर तेरा साखळ्या भरते, तिथं धुरा घातला की दोन्हीकडं एकशेवीस-एकशेवीस गुंठे. "साठाचे दोन-दोन गठ्ठे! हिशेब कसा लागलाय बघ!"

मास्तरांचा चेहरा एवढा खुलला होता की त्यांना भीमाचा चेहरा दिसलाच नाही. जिलानीभाईनं साखळी धरून तेरा रुंदीची जागा शोधली आणि खुंटी ठोकली. ती गोठ्याकडून आठ साखळ्यांवर आली. पांदणीकडून बारा.

"म्हंजी मला आठ," भीमा म्हणाला, "आन तुला बारा?"

रिवाजानं थोरल्यानं वाटायचं आणि धाकट्यानं उचलायचं. पण भीमाचा गोठा, बोअर, सगळं रुंद अंगाला. तो तीच बाजू घेणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"अरे, रुंदी बघ की! तुझं वावर रुंद हाय, म्हणून लांबीला कमी."

"मला काय ते समजत न्हाई. दहा-दहा करून मधोमध घाल. डोळ्याला दिसाया पायजे."

"मधोमध घातला तर सारखं होत न्हाई रे बाबा."

"का न्हाई होत? निम्मं म्हंजी निम्मं!"

आता बघा, मास्तरांना 'बरं बाबा, दहा-दहा' म्हणता आलं असतं. नुकसान त्यांचंच होतं, हक्कापेक्षा पंचवीस गुंठे भीमाला जास्त गेले असते. पण मास्तरांनी पुढचं ओळखलं. उद्या सरकारी मोजणी आली की आकडे बाहेर पडणार, आणि मग थोरल्यानं भीक घातली हे भीमाच्या मनात कायमचं सलणार. त्यापेक्षा त्याला आजच पटलेलं बरं. ते म्हणाले, "मातीचं वावर करतो. एका साखळीला एक बोट, अशा मापाचं. कापून तराजूत घालू. मग तर झालं?"

"चालंल. पर माती ह्याच वावराची पायजे," भीमा म्हणाला. "काळीची वाटणी हाय, काळीवरच व्हावी. दुसऱ्या मातीला मी मानणार न्हाई."

मास्तरांना शाळेतल्या त्या फाटक्या पाट्या आठवल्या नसतील? आठवल्या. पण आपल्या काळीवर भाऊ शपथ घालतोय आणि तिला नको म्हणायचं, हे त्यांच्या जिभेवर येईना. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या कोणाच्याच आलं नसतं. त्यांनी टोपलीभर काळी माती घरी आणली, मळली, शिवकन्याबाईंचं लाटणं न विचारता घेतलं, पाटावर जाड भाकरीसारखी पोळी लाटली. सतरा बोटं, सात बोटं, वीस बोटं. तेराच्या रेघेवर कापून दोन तुकडे केले. इथं थांबायचं की नाही? पण नाही! बाबेलच्या लोकांसारखी ही पाटी जपून ठेवावी, पोरांना दाखवावी, म्हणून ती दोन दिवस उन्हात वाळत घातली.

तिसऱ्या दिवशी भीमा आला, जिलानीभाई तराजू घेऊन आला. मास्तरांनी फडकं काढलं. रुंद तुकड्याला आरपार भेगा पडलेल्या. उचलायला गेले तर त्याचा एक कोपरा हातात आला आणि दुसरा भुगा होऊन फडक्यावर पडला. तरी उरलेलं तराजूत घातलंच, कारण आता मागं कसं फिरणार? मास्तरांच्या वाट्याचं पारडं खाडकन खाली गेलं.

भीमा पारड्याकडं बघत राहिला. मग उठला, पायताण घातलं.

"आण्णा, तुझा तराजू बी तुझ्याकडंच झुकून राहिला."

"भीमा, अरे माती फुटली ती. बस तर खरं..."

"राहू दे. लई शिकलेला हाईस तू." एवढं बोलून तो गेला.

घरं एकाच भिंतीला लागून, अंगण एक. पण भीमा आता मागच्या दारानं जायला लागला. मास्तर दिसले की मान वळवायचा. हरभऱ्याची पेरणी खोळंबली, रानातली ओल उडून चालली, तरी दोघंही वावराकडं फिरकेनात. मास्तरांचं जेवण कमी झालं. ताटावर बसून ते पेरं मोजायचे, बारा, आणि बोट मिटायचे, आणि मग पुढं कशाला मोजायचं म्हणून हात तसाच ठेवायचे.

शेवटी शिवकन्याबाईंनाच राग आला. "किती दिवस असं चालवायचं? एवढ्या पोरांना शिकवलंत, आन एक भाऊ शिकवता येईना? माझं लाटणं तर बाटवलंच की!"

"काळीची भेग हाय ग ती. मी काय करू?"

"मग काळी कशाला पायजे?" बाई म्हणाल्या. "डोक्यावरच्या मातीला कधी भेग पडलीय का?"

मास्तरांनी वर बघितलं. माळवद. वडलांनी दोघा पोरांना हाताशी घेऊन त्यावर पांढरी माती घातली होती, भीमाच्या तेव्हा नाकाला शेंबूड होता. दर पावसाळ्याआधी भीमा अजून त्यावर नवा थर द्यायचा, आणि उरलेल्या मातीचा ढीग परसात दोन्ही घरांच्या मधेच होता. मास्तर उठले, टोपली भरली आणि भीमाच्या पुढच्या दारात जाऊन ओतली.

"भीमा! भाईर ये."

भीमा आला. ढीग बघितला. "हे काय?"

"पांढरी हाय. बापानं आणलेली. काळीला मानतोस, हिला मानतोस का न्हाई ते सांग."

भीमानं चिमूटभर माती उचलून बोटांत चुरली, पण आत गेला नाही. जिलानीभाईला फोन गेला, तराजू आला. ह्या खेपेला मास्तरांनी हात मागं बांधून घेतले.

"मी शिवत बी न्हाई. मळ तू, लाट तू, काप बी तूच. वाळवायचं काम न्हाई."

भीमानं मळली. बोटांनी माप घेतलं. सुरी हातात घेतली आणि हट्टानं पहिला काप घातला तो मधोमध, लांबीच्या दहाव्या बोटावर. दोन तुकडे दोन पारड्यांत. गोठ्याकडच्या तुकड्याचं पारडं धपकन खाली बसलं.

"हे तुझं," मास्तर म्हणाले. "मधोमध घातला असता तर एवढं तुझ्याकडं जास्त आलं असतं."

भीमानं एकदा पारड्याकडं बघितलं, एकदा थोरल्या भावाकडं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मग तवाच हाव का म्हणला न्हाईस?"

"तवा हाव म्हणलो असतो, आन मोजणीवाल्यानं मागून आकडे सांगितले असते. मग तू माझ्या दारात आला असतास का?"

भीमानं दोन्ही तुकडे उचलले, पुन्हा एक गोळा केला, पुन्हा लाटला. ह्या वेळी मापं घेताना दोनदा तपासली. जिथं पोळी तेरा बोटं रुंद भरली, तिथं सुरी चालवली. पारडी वर झाली, खाली झाली, काटा थरथरला आणि मधोमध येऊन उभा राहिला. जिलानीभाईनं काट्याला फुंकर मारून बघितली. काटा हलला आणि परत तिथंच आला.

"या अल्ला," जिलानीभाई म्हणाला. "बाजारात माझा काटा असा कधी उभा राहत न्हाई."

आणि तिघंही एकदम हसले. भीमानं हसता हसता डोळे पुसले, मातीच्याच हातानं, त्यामुळं तोंडाला पांढरे पट्टे उठले. मास्तरांनी धाट तिरकं कापून त्याच्या हातात दिलं आणि तेरा लिहायला शिकवलं. एक कोपऱ्याची खूण, तीन उभ्या. भीमानं आपल्या तुकड्यावर ती उमटवली, मास्तरांच्या तुकड्यावरही. चार दिवसांत तेरा साखळ्यांचा धुरा पडला, हरभरा पेरला गेला, वेळेवर उगवलाही.

एवढं सगळं गोड झालं, तरी मास्तरांच्या मनात एक काटा राहिलाच होता. येळवस जवळ येत होती. कोपीचं कोणी काढलं नाही. भीमानं काढलं नाही म्हणून मास्तरांनी काढलं नाही. रिवाज तो रिवाज, धाकट्यावर कशाला लादायचं? त्यांनी गपचूप बाजारातून पाच पेंढ्या कडबा आणला, ओढ्यातून पाच दगड निवडून चुना लावला. शिवकन्याबाईंनी पहाटे उठून वेगळी हंडाभर भज्जी केली, वेगळी आंबील केली. आणि भाजी परतता परतता दोनदा पदरानं नाक पुसलं. विचारलं तर म्हणाल्या, धूर हाय.

उन्हं वर आल्यावर दोघं रानात निघाली. बाईंच्या डोक्यावर आंबिलीचं बिंदगं, मास्तरांच्या खांद्यावर कडबा. शिवारात जिकडं तिकडं कोपी उभ्या होत्या, पोरं ओरडत होती. मास्तर आपल्या पांदणीकडच्या तुकड्यात शिरले, जागा कुठं बघावी म्हणून मान वर केली, आणि थांबले.

कोप आधीच उभी होती. ना गोठ्याकडं, ना पांदणीकडं. बरोबर धुऱ्यावर. एक पाय ह्या वावरात, एक पाय त्या वावरात. आत पाच पांडव मांडलेले, आणि त्यांच्या पुढं पांढऱ्या मातीचे ते दोन तुकडे, एकाला एक लावून ठेवलेले. जिलानीभाई टोपी सावरत सावलीला बसला होता आणि भीमा कमरेवर हात ठेवून उभा होता.

"हे काय आणून राहिलास?" त्यानं कडब्याकडं बोट दाखवलं.

"कोपीला," मास्तर म्हणाले.

"येडा का खुळा तू आण्णा? धुरा कोणाचा हाय?"

"दोघांचा."

"मग?" भीमानं पुढं होऊन भावाच्या खांद्यावरचा कडबा उतरवला आणि खाली अंथरला. "बस. आन वैनी, हंडाभर भज्जी तुमी बी केली, आमच्या घरी बी केली. आता ती संपवायची कोणी, हे गणित घाला आण्णाला."

मास्तर बसले. अंथरलेल्या कडब्यावर, धुऱ्यावर, भावाच्या मांडीला मांडी लावून. शिवकन्याबाईंनी पहिला उंडा वाढला तेव्हा त्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी तो हातानं चाचपून घेतला.